गेम विकत घेतला खरा, पण सातबारा कोणाच्या नावावर?

३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘द क्रू’ या रेसिंग गेमचे सर्व्हर बंद केले. आता ऑनलाइन गेम बंद होणं ही काही ब्रेकिंग न्यूज नाही. कुठला ना कुठला गेम सतत गाशा गुंडाळत असतो. पण इथे भानगड वेगळी होती. मित्रांबरोबर खेळणं बंद झालं, हे समजू शकतो. पण एकट्याने, आपल्या घरी, आपल्या कन्सोलवर, रोख पैसे मोजून आणलेली डिस्क घालून खेळायचं म्हटलं तरी गेम सुरूच होईना. थोड्या दिवसांनी तर अनेकांच्या खात्यातून गेमचं लायसन्सही काढून घेतलं गेलं. डिस्क उरली ती चहाच्या कपाखाली ठेवायला.

डिसेंबर २०१४ मध्ये आलेला हा गेम काही फालतू नव्हता. अख्खी अमेरिका छोट्या नकाशात बसवलेली, न्यूयॉर्कहून निघा आणि लॉस एंजेलिसपर्यंत गाडी हाणा. कंपनीच्याच हिशोबाने १ कोटीहून जास्त लोकांनी तो खेळला होता. शेवटी किती उरले होते हा वेगळा मुद्दा. पण शेवटचा एक माणूस उरला असता, तरी त्याने पैसे दिले होते ना?

या एका गेमवरून जगभर जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. आणि तो फक्त महागडे कन्सोल घेणाऱ्यांचा वाद आहे असं समजू नका. तुमच्या खिशातल्या फोनवर जे गेम आहेत, त्यात जे स्किन आणि पास तुम्ही घेतलेत, त्यांना हीच गोष्ट जास्तच लागू होते.

भाडेकरूला तरी ११ महिने मिळतात

पुण्या-मुंबईत भाड्याने राहिलेल्या कुणालाही ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ११ महिन्यांचा करार, डिपॉझिट, पोलीस व्हेरिफिकेशन आणि ‘भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत’. या करारात घर तुमचं होत नाही. तुम्हाला फक्त राहायची परवानगी, म्हणजे लायसन्स मिळतं. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड मालकाच्याच नावावर राहतं.

गेमच्या ऑनलाइन दुकानात ‘बाय’ बटण दाबल्यावर तुम्हाला हेच मिळतं. गेम मिळत नाही, तो खेळायचं लायसन्स मिळतं. हे कुठे लिहिलेलं असतं? त्या लांबलचक करारात, जो आपण सगळे न वाचता खाली ढकलतो आणि ‘आय अ‍ॅग्री’ दाबून मोकळे होतो.

पण घरमालक आणि गेम कंपनी यांच्यात एक फरक आहे, आणि तो घरमालकाच्या बाजूने जातो. घरमालक किती खडूस असला तरी करारावर मुदत लिहितो. आधी नोटीस देतो. जाताना रंगाचे पैसे कापून का होईना, डिपॉझिट परत करतो. गेमच्या करारात मुदत बहुतेक वेळा नसतेच. कंपनी ‘कधीही’ सेवा बंद करू शकते, एवढंच असतं. पूर्ण किंमत घेऊन, तारीख न सांगता दिलेली खोली. आपल्याकडे असा करार घेऊन एखादा एजंट आला, तर आपण त्याला चहासुद्धा विचारणार नाही.

यात अजून एक गंमत आहे. ‘द क्रू’ बंद करताना कंपनीने सर्व्हरच्या अडचणींबरोबर लायसन्सच्या मर्यादांचंही कारण दिलं होतं. रेसिंग गेममध्ये खऱ्या कंपन्यांच्या गाड्या असतात, गाणी असतात. ती गेम कंपनीने ठराविक मुदतीसाठी परवानगी घेऊन वापरलेली असतात. म्हणजे मूळ खोलीच भाड्याची आणि आपण त्यात पोटभाडेकरू.

अर्थात परवानगी संपली म्हणून गेम मारायलाच हवा असंही नाही. ‘फोर्झा होरायझन ४’ डिसेंबर २०२४ मध्ये याच कारणाने दुकानातून काढला गेला. नवीन विक्री थांबली, पण ज्यांनी आधी घेतला होता ते अजून खेळू शकतात. विकणं बंद करणं वेगळं आणि विकलेलं हिसकावणं वेगळं. सगळं भांडण या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

सर्व्हर गेला की गेम का मरतो?

थोडं तांत्रिक बघू, कारण कंपन्या इथेच आपल्याला गोंधळात टाकतात. गेममध्ये सर्व्हर साधारण तीन कामं करतो.

पहिलं काम वॉचमनचं. तुम्ही खरंच पैसे भरलेत का, खातं तुमचंच आहे का, हे तपासायचं आणि आत सोडायचं. खेळ सगळा तुमच्या मशीनवरच चालतो.

दुसरं काम कारकुनाचं. तुमची लेव्हल किती, नाणी किती, कुठल्या बंदुकीला कुठलं स्किन, याची नोंदवही ठेवायची.

तिसरं काम पंचाचं. शंभर जण एकाच मैदानात उतरलेत तर कोण कुठे आहे, गोळी कोणाला लागली, हे ठरवायचं. इथे खेळाचा मोठा भाग सर्व्हरवरच चालतो.

पंच गेला तर सामना होणार नाही, हे कुणीही मान्य करेल. पण वॉचमन सुट्टीवर गेला म्हणून इमारत पाडायची? ‘द क्रू’चा मोठा भाग एकट्याने खेळता येण्यासारखा होता. राग त्यावरच होता. आणि हे जमण्यासारखं होतं याचा पुरावा खुद्द युबिसॉफ्टनेच दिला. आरडाओरडा झाल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ‘द क्रू २’ आणि ‘द क्रू मोटरफेस्ट’ या पुढच्या दोन भागांना ऑफलाइन खेळायची सोय देऊ असं जाहीर केलं. ‘द क्रू २’मध्ये ती २०२५ मध्ये आलीसुद्धा. पहिल्या भागाच्या गिऱ्हाइकांना मात्र तोंडी सहानुभूतीवर भागवावं लागलं.

याच्या उलट एक उदाहरण बघा. ‘डूम’ हा गेम डिसेंबर १९९३ चा. १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला गेला. आज लोक तो कॅल्क्युलेटरवर चालवतात, एका संशोधकाने प्रिंटरच्या छोट्या स्क्रीनवरही चालवून दाखवला. म्हणजे १९९३ चा गेम प्रिंटरवर जिवंत आहे आणि २०१४ चा गेम त्याच्या स्वतःच्या कन्सोलवर मेला आहे. याला प्रगती म्हणतात.

आपल्याकडे हे आधीच होऊन गेलंय

आपल्या पिढीने याचा डेमो २०२० मध्येच पाहिलाय. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली आणि त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला भारतातली सेवाही थांबली. कारण वेगळं होतं, निर्णय सरकारचा होता, त्याची चर्चा इथे नको. पण खेळणाऱ्याच्या बाजूने काय झालं? ज्याने पॉकेटमनी साठवून यूसी घेतले, रॉयल पास घेतला, त्याच्या हातात एका रात्रीत काय उरलं? स्क्रीनशॉट.

पुढे जुलै २०२१ मध्ये क्राफ्टनने बीजीएमआय आणला आणि जुन्या खात्यातला माल काही काळ नव्या गेममध्ये नेता येईल अशी सोय ठेवली. चांगलं केलं. मग २८ जुलै २०२२ ला बीजीएमआयही प्ले स्टोअर आणि अ‍ॅप स्टोअरवरून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. या सगळ्या ये-जा मध्ये खेळाडूचं मत कुणी विचारलं नाही, कारण कागदावर त्याचं तिथे काहीच नव्हतं. मालकी नव्हती, होती ती वहिवाट.

फोनवरच्या गेमला अजून एक दुखणं आहे. सर्व्हर नसला तरी ऑपरेटिंग सिस्टीम त्याला मारू शकते. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि त्यात ३२-बिट अ‍ॅप चालणं बंद झालं. ज्या गेमच्या निर्मात्यांनी नवा अपडेट काढला नाही, ते सगळे गेम फोन अपडेट केल्यावर गेले. पैसे देऊन घेतलेलेसुद्धा. मालकाने खोली काढून घेतली नाही, नगरपालिकेने रस्ताच उचलला.

आणि जो गेम सर्व्हरवर अवलंबून नसतो त्याचं काय होतं? फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘फ्लॅपी बर्ड’च्या निर्मात्याने आपणहून गेम दुकानातून काढला. पण ज्यांच्या फोनमध्ये तो होता, त्यांच्याकडे तो चालत राहिला. इतका की लोकांनी ‘आत फ्लॅपी बर्ड आहे’ असं सांगून वापरलेले फोन ईबेवर वेड्यावाकड्या किमतीला विकायला काढले. आणि घरातल्या ड्रॉवरमध्ये जुना नोकिया पडला असेल आणि बॅटरी फुगली नसेल, तर त्यातला साप आजही धावेल. त्याला लॉगिन लागत नाही.

पैसे परत मिळतात, पण कधी?

‘एकदा दिलेले पैसे परत देणं शक्य नसतं’ असं कुणी सांगितलं तर दोन नावं लक्षात ठेवा.

पहिलं नाव ‘कॉनकॉर्ड’. सोनीने २३ ऑगस्ट २०२४ ला हा ४० डॉलरचा शूटर गेम आणला. खेळायला कुणी येईना. ६ सप्टेंबरला गेम बंद. दोन आठवडे. गणपतीसुद्धा जवळपास तेवढे दिवस राहतात, आणि तिथे गर्दी असते. पण सोनीने सगळ्यांचे पैसे परत केले.

दुसरं नाव गुगलचं ‘स्टेडिया’. ही गेम स्ट्रीमिंग सेवा १८ जानेवारी २०२३ ला बंद झाली. गुगलने आपल्या दुकानातून विकलेले कंट्रोलर आणि स्टेडियावर विकलेले गेम, दोन्हींचे पैसे परत दिले. शिवाय तो कंट्रोलर नंतर ब्लूटूथवर चालेल अशी सोयही केली.

म्हणजे पैसे परत देता येतात. पण दोन्ही ठिकाणी गिऱ्हाईक त्या मानाने थोडे आणि नामुष्की मोठी होती. जिथे गिऱ्हाईक कोटीत असतात आणि गेम दहा वर्षांचा असतो, तिथे कंपनीला अचानक करारातलं बारीक अक्षर आठवतं.

१४ लाख सह्या

‘द क्रू’ बंद झाल्यावर रॉस स्कॉट या यूट्यूबरने एप्रिल २०२४ मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. मागणी नीट समजून घ्या, कारण तिच्याबद्दल बरीच अफवाबाजी झाली. ‘सर्व्हर कायम चालू ठेवा’ असं ते म्हणत नाहीत. ‘गेम फुकट द्या’ असंही नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की सेवा बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा. ऑफलाइन मोड द्या, नाहीतर लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी सोय द्या. जाताना किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून जा.

युरोपियन युनियनमध्ये नागरिकांना थेट मागणी मांडायची एक पद्धत आहे. वर्षभरात १० लाख सह्या आणि किमान सात देशांत ठरलेला कोटा पूर्ण झाला, तर युरोपियन कमिशनला त्यावर उत्तर द्यावंच लागतं. कायदा करावाच असं बंधन नसतं. ३१ जुलै २०२४ ला सह्या सुरू झाल्या. जून २०२५ पर्यंत आकडा निम्म्याच्या आसपास अडकला होता. तेव्हा स्कॉटने मोहीम आता संपल्यात जमा आहे अशा सुराचा व्हिडिओ टाकला. मग सगळे जागे झाले आणि ३ जुलैला १० लाखांचा टप्पा पार झाला. अकरा महिने झोपा आणि शेवटच्या आठवड्यात पोर्शन पूर्ण, ही पद्धत फक्त आपल्या युनिव्हर्सिटीची नाही तर! मुदत संपली तेव्हा सह्या १४ लाखांच्या पुढे होत्या.

ब्रिटनमध्येही वेगळ्या याचिकेवर १ लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि ३ नोव्हेंबर २०२५ ला तिथल्या संसदेत चर्चा झाली. सरकार म्हणालं, ग्राहक कायदा बदलायचा सध्या विचार नाही.

कंपन्यांचं म्हणणं चूक आहे का?

सगळंच चूक नाही. ‘व्हिडिओ गेम्स युरोप’ या कंपन्यांच्या संघटनेचे मुद्दे असे: लोकांनी चालवलेल्या खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या डेटाची सुरक्षा कोण बघणार? तिथे बेकायदा मजकूर आला तर जबाबदार कोण? काही गेम मुळातच ऑनलाइन खेळायला बनवलेत, ते ऑफलाइन करायचे तर खर्च फार. युबिसॉफ्टचे प्रमुख इव्ह गिलेमो यांनीही भागधारकांच्या बैठकीत हाच सूर लावला, की कुठलीच सेवा कायम चालत नाही.

यातला खर्चाचा मुद्दा जुन्या गेमसाठी खरा आहे. दहा वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीत आज लिफ्ट बसवणं महागच पडतं. पण नकाशा काढतानाच लिफ्टची जागा ठेवली तर? मोहिमेचा रोख पुढे येणाऱ्या गेमवर आहे. आणि हे करून दाखवणारे आहेत. ‘नॉकआउट सिटी’ बनवणाऱ्या छोट्या स्टुडिओने जून २०२३ मध्ये आपले सर्व्हर बंद केले, तेव्हा पीसीवर स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन मगच निरोप घेतला. ‘सिटी ऑफ हीरोज’ २०१२ मध्ये बंद झाला, चाहत्यांनी तो आपल्या सर्व्हरवर चालवला आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनी एनसीसॉफ्टने त्यांच्यातल्या एका गटाला चक्क अधिकृत परवानगी दिली. आकाश कोसळलं नाही.

दुसरा मुद्दा आठवणींचा आहे. अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’ने २०२३ मध्ये अभ्यास केला. तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात विकत मिळत नाहीत. त्यातले बरेचसे तर सर्व्हर न लागणारे. मग आजचे, लॉगिन केल्याशिवाय मेनूसुद्धा न दाखवणारे गेम वीस वर्षांनी कुठे सापडणार? आपल्या आईबाबांच्या लहानपणीचा सिनेमा कुठेतरी मिळतो. आपल्या लहानपणीचा गेम आपण पोरांना दाखवू शकू का, हा प्रश्न भावनिक वाटेल, पण उत्तर पूर्ण तांत्रिक आहे.

निदान खरं तरी सांगा

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने एक साधी गोष्ट केली. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तू विकताना, तुम्ही फक्त लायसन्स देत असाल तर ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. न सांगता ‘बाय’ म्हणता येत नाही. जी वस्तू कायमची डाउनलोड करून ऑफलाइन वापरता येते तिला हा नियम लागू नाही. कायदा लागू व्हायच्या आधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीमच्या कार्टमध्ये ओळ दिसू लागली की या खरेदीने तुम्हाला लायसन्स मिळतं. इतकी वर्षं हे असंच होतं, फक्त पाटी आत्ता लागली.

भारतात? ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने ‘डार्क पॅटर्न’ विरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. खोटी घाई करणं, कार्टमध्ये गुपचूप माल टाकणं, सबस्क्रिप्शनच्या सापळ्यात अडकवणं असे १३ प्रकार त्यात आहेत. ‘विकतो’ म्हणून भाड्याने देणं हा चौदावा प्रकार त्या यादीत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पण त्याचा रोख पैसे लावून खेळायच्या गेमवर होता. ‘मी घेतलेल्या गेमचं उद्या काय?’ हा प्रश्न आपल्याकडे अजून नीट विचारलाच गेला नाहीये. तो विचारायला हवा, आणि विचारणारे आपणच आहोत. भारतात फोनवर खेळणाऱ्यांची संख्या काही कमी नाही.

तोपर्यंत पैसे भरण्याआधी एवढं बघा

१. विमान मोड लावून गेम उघडून बघा. फुकट डेमो असेल तर त्यावरच. नेटशिवाय मेनूच्या पुढे जात नसेल, तर तो भाड्याचा आहे हे धरून चला आणि तेवढीच किंमत द्या.

२. पीसीवर खेळत असाल तर गॉगसारख्या दुकानात ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो. तो हार्ड डिस्कवर ठेवला की दुकान बंद झालं तरी गेम राहतो.

३. स्किन, पास, यूसी यांना वस्तू समजू नका. तो जत्रेतल्या पाळण्याच्या तिकिटासारखा खर्च आहे. मजा आली, पैसे वसूल. ‘कधीतरी आयडी विकून पैसे काढू’ या आशेवर तर अजिबात राहू नका. बहुतेक कंपन्या खातं विकायला परवानगीच देत नाहीत.

४. कन्सोलची डिस्क घेताय तर डब्यावर ‘इंटरनेट आवश्यक’ लिहिलंय का ते वाचा. तसं असेल तर ती डिस्क म्हणजे बऱ्याचदा नुसती किल्ली असते, कुलूप कंपनीकडेच.

जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे ‘द क्रू’ बंद व्हायच्या दोन-अडीच महिने आधी, युबिसॉफ्टच्याच सबस्क्रिप्शन विभागाचे संचालक एका मुलाखतीत म्हणाले होते की लोकांनी सीडी-डीव्हीडी जवळ नसण्याची सवय करून घेतली, तशी गेमच्या बाबतीतही व्हायला हवी. ते बोलत होते महिन्याच्या सबस्क्रिप्शनबद्दल, हे मान्य. भाड्याने राहण्यात काहीच वाईट नाही, अर्धं पुणे तसंच राहतं. फक्त भाडं असेल तर भाडं म्हणा, मुदत लिहा आणि फ्लॅटची किंमत मागू नका.